जामजवळ सर्कस अडली ते दिवस

सर्कशीत मी सहा वर्षं होतो. जनरेटर आणि लाइट हे माझं काम. हिंगणघाटला आयटीआय केलं, दोन वर्षं घरीच होतो, आणि मग नागपूरला सर्कस लागली असताना त्यांचा इलेक्ट्रिशियन काम सोडून गेला म्हणून पंधरा दिवसांपुरता म्हणून गेलो. ते पंधरा दिवस संपलेच नाहीत. घरी सांगितलं ते महिनाभरानं, फोनवर, तेही छत्तीसगडमधून. मायनं फोन तसाच दादाच्या हातात दिला आणि दादा म्हणाला, "लोकाइले काय सांगू आता? पोरगा सर्कशीत हाये म्हनून?"

आमचं गाव गिरडच्या टेकडीपासून चार किलोमीटरवर. त्या सहा वर्षांत मी तिथे दोनदा गेलो असेन. माय जेवायला वाढायची, तब्येतीचं विचारायची, पण मी काय काम करतो हे तिनं कधी विचारलं नाही. म्हणून सातव्या हिवाळ्यात सर्कस हिंगणघाटला लागणार असं कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो आनंद मी कुणाला दाखवला नाही. पण पुढे जे झालं त्यात त्या आनंदाचा हात आहे, म्हणून तो आधीच सांगून टाकतो.

आमच्या सर्कशीत तेव्हा अकरा ट्रक, दोन जुन्या बस, दोन घोड्या आणि कुत्री उरली होती. माणसं साठेक. तंबूचं सगळं काम उस्तादांकडे होतं. ते केरळकडचे. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, डाव्या हाताची दोन बोटं दोरात अडकून गेलेली. लहानपणी झुल्यावर होते, खांदा निखळल्यावर तंबूवर आले. लग्न केलं नव्हतं. गावाकडे एक बहीण होती, तिला दर रविवारी फोन करायचे. ते हिंदीच बोलायचे; मी इथे त्यांचं बोलणं मराठीत लिहितोय, पण ते याहून कमी शब्दांत बोलायचे.

त्यांच्या तरुणपणी सर्कस रेल्वेनं फिरायची. मालगाडीच्या वाघिणींत, म्हणजे डब्यांत, घोडे, वाघिणींत खांब, वाघिणींतच बिऱ्हाडं. कितीही वादळ-पाऊस आला तरी दार ओढून घ्यायचं आणि आत स्टोव्ह पेटवायचा, असं ते सांगायचे. ट्रकवर त्यांचा राग होता. "ट्रकला छप्पर कुठे असतं?" म्हणायचे. "ताडपत्री म्हणजे काय छप्पर?"

ते पौषाचे दिवस होते. शेतात तूर उभी होती, कापसाची शेवटची वेचणी चालू होती. आम्ही नागपूरहून निघालो त्या सकाळी आभाळ भरून आलं आणि दुपारपर्यंत पाऊस लागला. थंडीतला पाऊस, सुया टोचल्यासारखा. हिंगणघाटला जे मैदान घेतलं होतं ते काळ्या मातीचं. खांबांचा ट्रक पुढे गेला होता, तो मैदानात शिरताच बसला. मागची चाकं अर्धी मातीत. त्याला ओढायला दुसरा ट्रक गेला, तोही बसला. शेवटी जेसीबी आणून दोन्ही बाहेर काढले, पण मैदान आता आठवडाभर कामाचं नव्हतं. बाकीचा ताफा मॅनेजरनं जामच्या चौरस्त्याजवळ, हायवेच्या कडेला थांबवून ठेवला होता. तिथेच आम्ही अडकलो.

चार दिवस पाऊस येत-जात राहिला. साठ माणसं ट्रकांत आणि बसमध्ये. ओला कपडा वाळेना. मुलींचे खेळाचे चमकीचे कपडे पेट्यांत कुबट वास मारायला लागले, तेव्हा त्या माझ्या जनरेटरच्या गाडीत दोऱ्या बांधून ते गरम हवेवर वाळवायच्या. घडी घातलेल्या तंबूत पाणी मुरलं होतं; उस्ताद दिवसातून तीनदा त्या ट्रकवर चढून हात घालून बघायचे आणि उतरायचे. कुत्री बसखाली एकमेकांवर चढून झोपायची. थोरल्या घोडीला खोकला झाला. स्वयंपाकाचं लाकूड भिजलं होतं. चौरस्त्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या एका बाईनं स्वतःच्या टिनाखालच्या पऱ्हाट्या आणून दिल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी चूल पेटली. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. त्या भुरकन जळतात, त्यामुळे कुणीतरी सतत चुलीपाशी बसून त्या सारत राहायला लागायचं. भात अर्धा कच्चाच असायचा. तक्रार कुणी केली नाही. हायवेवरून गाड्या जात राहायच्या आणि आमच्या ट्रकांवर रंगवलेले वाघ, हत्ती बघून लोक काचा खाली करायचे. ते वाघ-हत्ती आमच्याकडे राहिले नव्हते, चित्रं तेवढी होती.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. सहाव्या दिवशीही. मॅनेजरनं जवळच एका ले-आउटची जागा बघून आणली. प्लॉट पाडलेले, घरं एकही नाही, वर मुरूम अंथरलेला. चिखल नव्हता. रविवारी दुपारचा खेळ इथेच लावू, असं त्यानं ठरवलं. हिंगणघाट आणि समुद्रपूरकडून माणसं येतील, निदान बसून तरी राहणार नाही.

उस्ताद म्हणाले, "दोन दिवस थांबा."

"ऊन पडलंय की."

"वारा बघा. अजून पूर्वेकडून आहे. गेला नाही तो."

मॅनेजर माझ्याकडे वळला. मी तिथे वायरचं बंडल घेऊन उभा होतो. "तू इथलाच ना? सांग. येतो का पाऊस?"

खरं म्हणजे त्या सकाळी माझ्या फोनवर हवामान खात्याचा मेसेज आला होता. जिल्ह्यात रविवारी विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारा. मी तो वाचला होता आणि बोटानं बाजूला सारला होता. रविवारच्या खेळाचं आदल्या संध्याकाळीच कानावर आलं होतं, तेव्हा मी दादाला फोन करून सांगितलं होतं की मायला रविवारी घेऊन ये, आणि पहिल्यांदा मायनं स्वतः फोन घेऊन विचारलं होतं, "किती वाजता याचं बापू?"

मी म्हणालो, "नाही येत साहेब. आमच्याकडे पौषात एकदा येऊन गेला की गेला. मग नुसती थंडी पडते."

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. इथल्या माणसाला इथलं ठाऊक असणार, असंच त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि माणसं गोळा करायला गेले.

शनिवारी तंबू उभा राहिला. मध्ये चार मोठे लोखंडी खांब, त्यांना तारेचे दोर, दोरांना जमिनीत ठोकलेले खुंटे. मुरुमाचा थर वीतभरच होता. घण मारला की खुंटा आधी अडायचा, आणि मुरूम फुटला की खाली एकदम लोण्यात गेल्यासारखा जायचा. खाली तीच काळी ओली माती. उस्तादांनी प्रत्येक दोराला दोन-दोन खुंटे मारून घेतले, पश्चिमेकडे तीन-तीन. संध्याकाळी मी लाइटच्या माळा ओढत होतो, तेव्हा ते एका खुंट्यावर पाय ठेवून उभे होते. मला म्हणाले, "पकडत नाही माती." मी म्हणालो, "वाळेल उद्या." ते पुढच्या खुंट्याकडे गेले.

रविवारी बारा वाजताच माणसं यायला लागली. माय दादाच्या मोटारसायकलवर आली, कानाला मफलर, मांडीवर पिशवी. पिशवीत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा डबा होता. मी तिला जनरेटरची गाडी दाखवली, स्विचबोर्ड दाखवला. एक खटका दाबून आतल्या सगळ्या माळा लावून दाखवल्या.

"हे सगळं तू करतं?" तिनं विचारलं.

"हो."

"एकटाच?"

"एकटाच."

मग तिनं उस्तादांना बघितलं. ते दोर तपासत आमच्या बाजूनं चालले होते. मी ओळख करून दिली. तिनं डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. "घ्या जी. घरच्या शेंगा हायेत." त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी तीन बोटांच्या हातानं मूठभर शेंगा घेतल्या आणि तिथेच उभ्याउभ्या सोलून खाल्ल्या.

खेळ दोनला सुरू झाला. तीनशेच्या आसपास माणसं असतील. तीन वाजून गेले असतील, मुली सायकलींवर रिंगणात होत्या, आणि माझ्या गाडीच्या दारातून मला दिसलं की हायवेपलीकडची तूर सगळी एका बाजूला झोपलीय. पश्चिमेकडचं आभाळ निळंकाळं नव्हतं, हिरवट होतं. वारा थांबला. मग टिनावर कुणी खडे टाकावेत तसा आवाज आला.

पहिल्या गारा हरभऱ्याएवढ्या होत्या. पाच मिनिटांत आवळ्याएवढ्या झाल्या. तंबूच्या आत त्या आवाजात बँड ऐकू येईना. लोक उठले नाहीत. उलट बाहेर उभी असलेली माणसंही आत घुसली. बाहेर डोकी फुटत होती, आत छप्पर होतं. पण त्या छपरावर, खांबा-खांबांच्या मधल्या झोळांत, गारा साचायला लागल्या होत्या. आतून बघितलं तर ताडपत्रीची पोटं खाली लोंबत होती, दर मिनिटाला जास्त.

उस्ताद धावत आले. "लाइट बंद करू नकोस. अंधार झाला तर चेंगरतील. ट्रक दरवाज्याला लावायला सांगितलेत, माणसं त्यात भरतो. आणि हे बघ." त्यांनी जोकरचा लाल रुमाल हातात गुंडाळला होता. "मी वर असेन. तंबू जाणार असं दिसलं की हा हलवीन. तेव्हा बंद. आधी नाही आणि नंतरही नाही."

नंतर का नाही ते मला समजावायची गरज नव्हती. ओली ताडपत्री जिवंत तारांवर पडली असती तर खाली जो असेल तो गेला असता.

आमच्या माणसांनी तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. दोन ट्रक उलटे घेऊन तंबूच्या तोंडाला भिडवले. झुल्यावरच्या मुली, जोकर, बँडवाले, सगळे खुर्च्या आणि फळ्या डोक्यावर धरून दोन रांगांत उभे राहिले आणि त्यांच्या मधून लोक ट्रकांत, बसमध्ये जायला लागले. ट्रक भरला की पुढे, दुसरा मागे. कुणी पडलं, कुणाच्या चपला गेल्या, पण चेंगरलं कुणी नाही. मायला दादानं आधीच बसमध्ये नेऊन बसवलं होतं.

आणि वर उस्ताद. दोरीच्या शिडीनं मधल्या एका खांबावर चढून, बांबूला बांधलेल्या सुऱ्यानं ते लोंबणारी पोटं फाडत होते. एक फाडलं की गाडीभर गिट्टी ओतावी तशा गारा रिंगणात कोसळायच्या आणि खांब हलका व्हायचा. चाळीस वर्षं ज्यानं तो तंबू शिवला, सांधला, तोच तो फाडत होता. एक, दोन, तीन फाडली. खाली चार गडी दोर धरून होते. लोक जवळजवळ सगळे निघाले होते.

माझी गाडी तंबूच्या मागच्या दाराला लागून होती, तिथून तो खांब दिसायचा; माझा हात खटक्यावर होता आणि डोळे त्यांच्यावर. पश्चिमेकडचा खुंटा मातीतून निघताना मला दिसला नाही. उस्तादांना वरून दिसला असावा, किंवा खांब हातात थरथरला असावा. त्यांनी लाल रुमाल हलवला. ते तेव्हा वरच होते. खाली उतरून हलवायला वेळ होता की नव्हता, हे मी पुष्कळदा मनात मोजून बघितलंय. खाली दोर धरलेले चार गडी होते. मी खटका खाली ओढला. आत काळोख झाला आणि तंबू पश्चिमेकडून बसत गेला, मोठं जनावर गुडघे टेकतं तसा.

चौघे गडी कडेनं सरपटत बाहेर आले. उस्ताद आले नाहीत.

ताडपत्रीवर गुडघाभर गारा होत्या. हातांनी उपसल्या, पातेल्यांनी उपसल्या, बोटं बधिर होऊन रक्त कुठून येतंय ते कळेना. प्रेक्षकांतली माणसंही ट्रकांतून उतरून आली. दादा माझ्या शेजारी फळीनं गारा ओढत होता. कापड कापून आत शिरलो तेव्हा ते खांबाखाली होते, कमरेपासून खाली दबलेले. डोळे उघडे. मला म्हणाले, "माणसं?"

"सगळी निघाली."

मग त्यांनी डोळे मिटले. रस्त्यावर बाभळी आडव्या झाल्या होत्या, ॲम्ब्युलन्स यायला उशीर होता. एका तूरवाल्याच्या पिकअपमध्ये गाद्या टाकून त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत धाकटी घोडी दावं तोडून पळाली होती. परत येताना ती आम्हाला हायवेच्या दुभाजकापाशी मेलेली दिसली.

ते अकरा दिवस जगले. कंबर मोडली होती, मग छातीत कफ झाला. सर्कशीतली माणसं पाळीपाळीनं बसायची, पण जास्त मीच. चौथ्या दिवशी ते जरा बोलत होते, तेव्हा मी त्यांना सांगितलं. फोनवर मेसेज आला होता. मी वाचला होता. माय येणार होती म्हणून मी खोटं बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता मला कशाला सांगतोस," आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं. त्यानंतर थोरल्या घोडीच्या खोकल्याची चौकशी केली, फाटलेल्या कापडाचं काय केलं ते विचारलं, बहिणीला फोन लावून दे म्हणाले. त्या गोष्टीबद्दल मात्र आमच्यात पुन्हा एक शब्द झाला नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं ते म्हणाले नव्हते.

अकराव्या दिवशी सकाळी ते गेले. बहीण आजारी होती, येऊ शकत नव्हती. झुल्यावरची एक मुलगी त्यांच्याच भाषेतली. तिनं फोनवर बोलून सांगितलं, की त्यांना तिथेच अग्नी द्या, असं बहीण म्हणतेय. तिथेच म्हणजे कुठे, ते कुणालाच कळेना. आम्ही दवाखान्याच्या अंगणात उभे होतो. माय डबा घेऊन आली होती, तिनं विचारलं, "काय झालं, काऊन उभे हा सगळे?"

दादानं सांगितलं.

"आपल्या गावाले न्या."

"माय, कोन कुठचा मानूस. गाववाले काय म्हनतीन?"

"म्हनू दे. त्या दिवशी गावचे वीस-बावीस जन होते तंबूत. मी होती. त्याइले इचार जाऊन."

कुणी काही म्हटलं नाही. उलट गावच्या मशानात त्या दुपारी इतकी माणसं होती की आमच्या नात्यातल्या माणसालाही तेवढी आली नसती. अग्नी मी दिला. मी द्यावा की नाही हे मी विचारलं नाही, आणि कुणी मला थांबवलं नाही. मनातून वाटत होतं, कुणीतरी थांबवावं.

सर्कस पुन्हा उभी राहिली नाही. तंबू सांधणारा माणूसच नव्हता. महिनाभरात ट्रक विकले गेले, माणसं वर्ध्याच्या स्टेशनवरून आपापल्या दिशेनं गेली. थोरली घोडी आर्वीकडचा एकजण घेऊन गेला. फाटलेल्या ताडपत्रीचे तुकडे आसपासच्या शेतकऱ्यांनी कापूस झाकायला नेले. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला खोली घेतली आणि मंडपवाल्यांकडे लाइटचं काम धरलं. अजूनही तेच करतो.

दीड वर्षानं उस्तादांची बहीण आली. सोबत तिची मुलगी, कॉलेजात शिकवणारी, हिंदी बऱ्यापैकी येणारी. मी त्यांना गावाला नेलं, मशानातली जागा दाखवली, मग जामला नेऊन तो ले-आउटही दाखवला. तिथे आता तीन घरं झाली होती. म्हातारी बाई मुरुमावर उभी राहून इकडेतिकडे बघत होती. मी तिच्या मुलीला सगळं सांगितलं. मॅनेजरनं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, मेसेजचं, रुमालाचं, खटक्याचं. काही सोडलं नाही. म्हणालो, हे आईला सांगा.

ती ऐकत राहिली. आईनं तिला काहीतरी विचारलं. तिनं एक-दोन शब्दांत उत्तर दिलं.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तिला आता हे कशाला? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?"

आम्ही गावाला परत गेलो. मायनं भाकरी केल्या होत्या, त्या दोघींना समोर बसवून वाढल्या, भाषा येत नसताना हातानंच आग्रह केला. मुलगी माझ्याशी त्यानंतर बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीसाठी दादानं त्यांना स्टेशनवर सोडलं. मी जाणार होतो, पण तिनंच दादाला विचारलं होतं, तुम्ही सोडाल का म्हणून.